स्वामीला स्वामित्वधन मिळतं का?

२०२० च्या मार्चमध्ये सगळी शूटिंग बंद पडली आणि दूरदर्शनने जुन्या टेप बाहेर काढल्या. २८ मार्चला ‘रामायण’ सुरू झालं, पाठोपाठ ‘शक्तिमान’ आला. आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी लगेच जाहीर केलं, “या सगळ्या नटांची आता चांदी आहे. घरबसल्या पैसे!” कोणी हसलं, कोणी अंगठा दाखवला, पण एका भाचीने सरळ विचारलं, “म्हणजे मोबाइलवर मी ‘मालगुडी डेज’ बघते, तेव्हा त्या स्वामीला पैसे जातात?”

ग्रुपवर शांतता पसरली. तिचा प्रश्न सोपा आहे, पण उत्तर देताना मुंबई उच्च न्यायालय, अमेरिकेतला नटांचा संप, हॉलिवूडमधला एक फसवला गेलेला मुलगा आणि आपल्याकडचा बालमजुरीचा कायदा असा सगळीकडे फेरा मारून यावं लागतं. ज्यांना फक्त एका शब्दात उत्तर हवं आहे त्यांच्यासाठी: सहसा नाही. पुढचा लेख ‘का नाही’ आणि ‘मग काय’ यासाठी आहे.

आधी तो स्वामी

मराठी माणसाला टीव्हीवरचा ‘स्वामी’ म्हटलं की आधी थोरले माधवराव पेशवे आठवतात. इथला स्वामी म्हणजे स्वामीनाथन, मालगुडी गावातला शाळकरी मुलगा. १९८६-८७ च्या सुमारास दूरदर्शनवर आलेली ही मालिका शंकर नाग यांनी दिग्दर्शित केली होती. हा माणूस मुंबईत मराठी रंगभूमीवर वावरलेला, आणि तिथून कन्नड सिनेमात जाऊन तुफान लोकप्रिय झालेला. मालगुडी हे काल्पनिक गाव त्याने कर्नाटकातल्या आगुंबे इथे उभं केलं. म्हणजे जिथे पावसाचा मुक्काम संपता संपत नाही अशा जागी! रेखाटनं आर. के. लक्ष्मण यांची, संगीत एल. वैद्यनाथन यांचं. स्वामीच्या करड्या वडिलांच्या भूमिकेत गिरीश कर्नाड, आईच्या भूमिकेत वैशाली कासारवल्ली. आणि स्वामी झाला होता मास्टर मंजुनाथ.

श्रेयनामावलीतला ‘मास्टर’ हा शब्द आता जवळजवळ गेला. लहान मुलगा असेल तर मास्टर, मुलगी असेल तर बेबी. नाव मोठं व्हायच्या आतच लावलेली ही पदवी कित्येकांना जन्मभर चिकटली.

मालिका नेमकी कोणाची असते?

इथे दोनच शब्द समजून घ्यायचे आहेत. पहिला स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी. तुमच्या निर्मितीचा कोणी पुन्हा वापर केला की दरवेळी तुम्हाला मिळणारा वाटा. दुसरा मानधन, म्हणजे कामाचे एकदाच मिळणारे पैसे. टीव्हीच्या धंद्यात मानधन बहुतेक ‘पर डे’ ठरतं. इतके दिवस काम, दिवसाला इतके रुपये. तेही काम झाल्यावर नव्वद दिवसांनी हातात पडायचे, ही या धंद्याची जुनी रीत. नव्वदच्या पुढे किती दिवस, ते निर्मात्याच्या मनावर.

आता मालकी. आपल्या कॉपीराइट कायद्यात चित्रपट किंवा मालिकेचा पहिला मालक निर्माता असतो, कारण पैसा त्याने घातलेला असतो आणि जोखीम त्याने घेतलेली असते. ही मालकी प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकते. घर बांधणाऱ्या गवंड्याला रोज मिळतो, भाडं मालकाला मिळतं, तसंच हे. मालिका म्हणजे घर, पुनर्प्रक्षेपण म्हणजे भाडं आणि नट म्हणजे गवंडी.

‘शक्तिमान’चं उदाहरण घेतलं की हे लख्ख दिसतं. १९९७ ते २००५ या काळात चाललेल्या त्या मालिकेत मुकेश खन्ना शक्तिमान होते, गंगाधरही होते, आणि मालिका निघत होती ती त्यांच्याच भीष्म इंटरनॅशनल या संस्थेतून. म्हणून २०२२ मध्ये ‘शक्तिमान’वर मोठा चित्रपट काढण्याची घोषणा झाली तेव्हा निर्मात्यांच्या यादीत भीष्म इंटरनॅशनलचं नाव होतं. मुळात ते ‘महाभारता’तले भीष्म. ती भूमिका त्यांनी दुसऱ्याच्या घरात केली होती. तिथून निघाल्यावर स्वतःचं घर बांधलं. गोल गोल फिरत आकाशात जाणाऱ्या त्या माणसाचे पाय व्यवहारात चांगलेच जमिनीवर होते. त्याच मालिकेत तमराज किल्विष झालेले सुरेंद्र पाल, डॉ. जयकाल झालेले ललित परिमू, गीता विश्वास झालेल्या किटू गिडवानी आणि पुढे वैष्णवी महंत यांचे चेहरेही त्या पिढीला तितकेच पाठ आहेत. फरक एवढाच, की मालिकेची मालकी त्यांच्याकडे नव्हती.

देव आनंद कोर्टात गेले होते

“पण अभिनय हीसुद्धा निर्मितीच आहे ना? कवीला कवितेचा हक्क मिळतो, मग नटाला अभिनयाचा का नाही?”

हाच मुद्दा घेऊन देव आनंद मुंबई उच्च न्यायालयात पोचले होते. एका निर्मात्याशी झालेल्या करारात, ठरलेले सगळे पैसे मिळेपर्यंत आपल्या कामाचा हक्क आपलाच, असा त्यांचा दावा होता. १९७८ साली न्यायालयाने सांगितलं की कॉपीराइट कायद्यात साहित्य, नाट्य, संगीत, कला, चित्रपट, ध्वनिमुद्रण अशा गोष्टींना संरक्षण आहे. पडद्यावरचा अभिनय यातल्या कशातच बसत नाही. नाटक लिहिणाऱ्याला हक्क आहे, चित्रफितीच्या मालकाला आहे, पण त्या चित्रफितीत जो रडला-हसला त्याला वेगळा हक्क नाही.

देव आनंद यांची ही गत, तर आगुंब्याच्या पावसात उभ्या असलेल्या एका शाळकरी मुलाचं काय घेऊन बसलात! ‘मालगुडी डेज’ बनली तेव्हा कायदा असाच होता. कलाकाराचा हक्क ही कल्पना आपल्या कायद्यात आली १९९४ च्या दुरुस्तीने. तीही अशी, की एकदा तुम्ही चित्रपटात काम करायला होकार दिलात की तो हक्क त्या चित्रपटापुरता संपला. म्हणजे नटाला एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं.

“गवंड्याला कधी घरभाडं मिळतं का?”

हा आक्षेप रास्त आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. ठरलेले पैसे घेतले, काम केलं, विषय संपला. मालिका पडली असती तर नटाने पैसे परत केले असते का?

पण या उपमेत एक फट आहे. गवंड्याने बांधलेलं जुनं घर त्याच्या पुढच्या कामाच्या आड येत नाही. नटाचं येतं, आणि दोन बाजूंनी येतं. एक म्हणजे, वाहिनीने दुपारी चारच्या वेळेला जुनी मालिका लावली की त्या वेळेला नवी मालिका लागत नाही. म्हणजे नटाच्या जुन्या कामाची त्याच्याच नव्या कामाशी स्पर्धा होते, आणि जुनं काम फुकट असतं. दुसरं, जुनी भूमिका जितकी पुन्हा पुन्हा दिसते तितका नट त्या भूमिकेत घट्ट रुतत जातो. निर्माता म्हणतो, “तुम्ही चांगले आहात हो, पण लोक तुम्हाला डॉक्टर म्हणून स्वीकारणार नाहीत.”

अमेरिकेतल्या नटांनी हाच युक्तिवाद केला आणि जिंकला. तिथे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच टीव्ही मालिकांच्या पुनर्प्रक्षेपणाचे पैसे नटांना मिळू लागले. याला आपण पुनर्प्रक्षेपण-मानधन म्हणू. १९६० साली चित्रपट टीव्हीवर दाखवण्यावरून नटांचा मोठा संप झाला. त्या वेळी संघटनेचे अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन. हो, तेच, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले.

तिथेही सगळं आलबेल नव्हतं. सुरुवातीच्या करारांत हे पैसे पहिल्या काही पुनर्प्रक्षेपणांपुरतेच होते. त्यानंतर मालिका हजार वेळा दाखवली तरी नटाला शून्य. ही मर्यादा गेली १९७४ च्या कराराने. त्यामुळे १९६० च्या दशकातल्या तिथल्या लाडक्या मालिकांमधले कलाकार पुढे तीसतीस वर्षं रोज दुपारी टीव्हीवर दिसत राहिले आणि त्यांच्या घरी चेक येणं केव्हाच बंद झालेलं होतं. लोकांना वाटायचं, रोज दिसतोय म्हणजे गडगंज असणार. आमच्या काकांसारखंच.

आणि हे लक्षात घ्या, हे पैसे अमेरिकी नटांना कायद्याने दिलेले नाहीत, संघटनेने केलेल्या सामूहिक कराराने दिलेले आहेत.

मग आपल्याकडे २०१२ नंतर काय बदललं?

कागदावर बरंच. २०१२ च्या जूनमध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ३८क आलं. लेखी करार करून तुम्ही चित्रपटात काम केलंत, तर निर्मात्याने तो चित्रपट वापरण्याला तुम्ही हरकत घेऊ शकत नाही. पण तुमच्या कामाचा व्यावसायिक वापर झाला तर तुम्हाला स्वामित्वधनाचा हक्क आहे. कायद्याच्या भाषेत मालिकासुद्धा ‘चित्रपट’च. हा हक्क काम केल्यापासून ५० वर्षं टिकतो. शिवाय कलम ३८ख ने नैतिक हक्क दिले: कलाकार म्हणून तुमचं नाव लागलं पाहिजे, आणि तुमची बदनामी होईल अशी तुमच्या कामाची मोडतोड कोणी करू नये.

मात्र गर्दीतून चालत गेलेल्या आणि नामावलीत नाव नसलेल्या माणसाला कायदा कलाकार मानत नाही. मोडतोडीविरुद्धचा हक्क तेवढा त्यालाही आहे.

हक्क मिळाला, मग पैसे का नाही मिळत? माझ्या मते खरी गोम इथे आहे. हक्क असणं वेगळं आणि वसुली होणं वेगळं. कोणत्या वाहिनीवर, कोणत्या ॲपवर, कोणत्या देशात आपलं काम कितीदा दाखवलं गेलं, हे एकटा नट कुठे मोजत बसणार? त्यासाठी लागते वसुली करणारी संस्था आणि ठरलेला दर. गायकांनी ‘इस्रा’ ही संस्था काढली, २०१३ मध्ये तिची नोंदणी झाली आणि गाण्यांचे पैसे गोळा व्हायला लागले. गाणं मोजायला सोपं असतं. गायक एक किंवा दोन, लांबी पाच मिनिटं. मालिकेत चाळीस माणसं असतात. कोणाचा वाटा किती, यावरच वर्ष जाईल. अभिनेत्यांच्या बाबतीत ही घडी तशी बसलेली नाही. त्यातून जुन्या करारांना नवा कायदा कितपत लागू होतो, यावर वकिलांना भांडायला भरपूर जागा आहे.

आणि करार! पूर्वीच्या कित्येक कामांना धड करारच नसे. शब्दावर काम, व्हाउचरवर सही. आता करार असतो, वीस पानांचा, आणि तो वाचायला शूटिंगच्या आदल्या रात्री मिळतो.

लहान मुलाचे पैसे कोणाचे?

मोठ्या नटाला निदान कोर्टात जाता येतं. दहा वर्षांच्या मुलाच्या वतीने सही करतात आईवडील, चेक घेतात आईवडील, आणि खर्चही तेच करतात.

याची सगळ्यात गाजलेली कहाणी जॅकी कूगनची. चार्ली चॅप्लिनच्या १९२१ सालच्या ‘द किड’मधला तो गोंडस पोरगा. त्याने लहानपणी लाखो डॉलर कमावले. सज्ञान झाल्यावर पाहतो तर बहुतेक सगळं संपलेलं. १९३८ मध्ये त्याने आई आणि सावत्र वडिलांवर दावा लावला. हाती लागले सुमारे सव्वा लाख डॉलर. पण त्या गदारोळातून कॅलिफोर्नियात १९३९ मध्ये कायदा झाला, जो आजही कूगनच्या नावाने ओळखला जातो. आता त्यानुसार मुलाच्या कमाईतले १५ टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. जॅकी कूगन पुढे १९६० च्या दशकात ‘द ॲडम्स फॅमिली’ या मालिकेत टक्कल केलेला, विचित्र अंकल फेस्टर झाला. मुलांनी त्याला पुन्हा डोक्यावर घेतलं, आणि त्यातल्या किती जणांना ठाऊक होतं की हाच तो ‘द किड’!

आपल्याकडे हे यायला २०१७ उजाडलं. बालमजुरी कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी, पण मालिका, चित्रपट, जाहिराती यांत बालकलाकार म्हणून काम करायला सूट. अट अशी की शाळा बुडता कामा नये. त्यापाठोपाठ आलेल्या नियमांनुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. सेटवर दर पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती हवी. आणि कमाईतले किमान २० टक्के थेट मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जमा करायचे, ते मूल सज्ञान झाल्यावरच मिळणार.

उरलेले ८० टक्के? त्याबद्दल नियम गप्प आहेत. आईने नोकरी सोडून मुलाबरोबर सेटवर बसायचं, गाडीभाडं करायचं, तर घर चालवायला काहीतरी लागणारच, हे मान्य. पण घराचा हप्ता मुलाच्या मालिकेवर फिटू लागला की मालिका सोडायचा निर्णय मुलाच्या हातात राहत नाही. मुलाच्या इच्छेविरुद्ध काम करून घ्यायचं नाही, असंही नियमात आहे. ते तपासणार कोण आणि कसं, हे मला कोणी सांगितलं तर मी आभारी राहीन.

“पण प्रसिद्धी मिळाली, पुढचं करिअर झालं!”

काहींचं झालं. ‘शाका लाका बूम बूम’मधली हंसिका मोटवानी पुढे तेलुगू-तमिळ चित्रपटांची नायिका झाली. त्याच मालिकेत जादूची पेन्सिल सापडलेला संजू, म्हणजे आपला किंशुक वैद्य. २००० नंतरची तीनचार वर्षं शाळांबाहेरच्या दुकानांत तशा पेन्सिली टांगलेल्या असायच्या, टोकाला कवटी असलेल्या. तो मालिकांमध्ये ठळकपणे परत दिसला तो २०१६ मध्ये, मोठा होऊन. मधली वर्षं शिक्षणाची. मला हे शहाणपणाचं वाटतं, पण ते प्रत्येकाला परवडतं असं नाही.

मोठ्यांचं गणित वेगळं. मृणाल कुलकर्णी ‘सोनपरी’ झाल्या तेव्हा रमाबाई पेशवे म्हणून त्या घराघरांत पोचून दशक उलटलं होतं. त्यांच्याकडे आधीची ओळख होती, म्हणून परीचे पंख उतरवून ठेवता आले. ज्याची पहिली ओळखच मुलांच्या मालिकेतली, त्याला ते जड जातं.

मंजुनाथने काय केलं? १९९० च्या ‘अग्निपथ’मध्ये तो लहानपणीचा विजय दीनानाथ चव्हाण होता. मांडव्यात बापाचा जीव गेलेला पाहणारा, डोळ्यांत अंगार असलेला तो मुलगा म्हणजे आपला स्वामी. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला दावणगेरेजवळ मोटार अपघातात शंकर नाग गेले, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी. ज्याने मंजुनाथला घडवलं तो माणूसच गेला. मंजुनाथने पुढे अभिनय सोडला, शिक्षण पूर्ण केलं आणि जनसंपर्काच्या क्षेत्रात नोकरी केली. आपण याला ‘पडद्याआड गेला’ म्हणतो, जणू काही वाईट घडलं. एक मुलगा शिकला आणि नोकरीला लागला. आपल्याकडे एरवी याचे पेढे वाटतात.

मोबाइलवर पाहिलं तर?

टीव्हीवर मालिका कितीदा लागली हे निदान मोजता येत होतं. ॲपवर ती कायमच लागलेली असते. कोण, कधी, कितीदा पाहतं हे फक्त ॲपवाल्यांना ठाऊक. २०२३ मध्ये अमेरिकेतले नट ११८ दिवस संपावर गेले, त्यात हा एक मोठा मुद्दा होता. लोकप्रिय मालिकांमधल्या कलाकारांनी आपल्याला आलेले काही सेंटांचे चेक लोकांना दाखवले होते. दुसरा मुद्दा होता कृत्रिम बुद्धिमत्तेचा: नटाचा चेहरा एकदा संगणकात उतरवून घेतला की नटाची गरज काय?

ही भीती आपल्याकडेही पोचली आहे. आवाज आणि चेहरा परवानगीशिवाय वापरू नये, म्हणून अमिताभ बच्चन २०२२ मध्ये आणि अनिल कपूर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि दोघांनाही मनाई हुकूम मिळाला. बालकलाकाराचा पेच याहून चमत्कारिक आहे. त्याचा तो चेहरा आता त्याच्याकडेच नाही. दहा वर्षांचा स्वामी फक्त चित्रफितीत आहे.

भाचीला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की तिच्या मैत्रिणीच्या धाकट्या भावाला मालिकेत घेतायत म्हणे, तर त्याच्या आईला करारातलं एक वाक्य शोधायला सांग. ते बहुतेक मधल्या पानांत असतं, लहान अक्षरांत: “आज अस्तित्वात असलेल्या आणि भविष्यात शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी.” त्याच्या पुढे किंवा मागे कुठे आकडा लिहिलाय का, ते बघ म्हणावं.